पहिल्या पसंतीचा चौकोन

खोडरबराचा एकच कोपरा अजून टोकदार राहिला होता. बाकीचे तीन झिजून गोल, गुळगुळीत, शिशाने काळपट झालेले — आणि हा चौथा तिने का कोण जाणे जपून ठेवला होता, अगदी शेवटच्या खोडण्यासाठी ठेवावा तसा. अंगठ्याने ती तो दाबत बसली होती. समोर टेबलावर कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज. अर्जाच्या दुसऱ्या पानावर एकाखाली एक दोन चौकोन. पसंतीक्रम पहिला, पसंतीक्रम दुसरा. तीन आठवड्यांत तिथे इतक्यांदा लिहून खोडलं होतं की कागदाला बारीक लव फुटली होती आणि पान उजेडाकडे धरलं तर पहिल्या चौकोनातून खिडकीचे गज दिसायचे.

आत्ता पहिल्या चौकोनात 'संख्याशास्त्र' होतं. काल संध्याकाळी तिथे 'हवामानशास्त्र व वातावरणविज्ञान' होतं. परवा पुन्हा संख्याशास्त्र… हवामानशास्त्राचं नाव इतकं लांब की चौकोनात मावायचं नाही, बारीक अक्षरात दोन ओळी कराव्या लागायच्या, आणि हेसुद्धा तिने एकदा कारण म्हणून स्वतःपुढे मांडून पाहिलं होतं. चौकोनाच्या मापावरून कुणी आयुष्य ठरवतं का? ठरवत असतील. काहीतरी माप लागतंच ना माणसाला.

"चार वाजता खिडकी बंद होते म्हणालीस ना?" आई चपला शोधता शोधता म्हणाली. "मग कुणाची वाट बघतेयस?"

"बाबांची सही राहिलीये."

"काल अख्खी संध्याकाळ घरात होते की ते."

"राहून गेली."

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?' असं दिवसभर विचारून विचारून तिच्या नजरेलाच ती सवय लागली होती. बोलायची नाही, नुसती बघायची — आता बरं, की आधी बरं? तिने तसं पाहिलं. मग एक चप्पल पलंगाखाली सापडली.

"शाळेचं छप्पर दुरुस्त करतायत बाबा आणि लंबूकाका. तिथेच जाऊन घे सही. आणि ते खोडरबर ठेव आता, त्याचा जीव जाईल."

रस्ता सरळ होता, वीस मिनिटांचा. ती फाइल छातीशी धरून चालत होती आणि मनात सहीचं वाक्य जुळवत होती. 'बाबा, इथे सही करा.' बस. काय लिहिलंय ते बघतीलच असं नाही. जागा बोटाने दाखवली की बाबा कागदावर सही करायचे. वाचणं हे काम त्यांनी आईवर सोपवलेलं होतं. म्हणजे प्रश्न बाबांचा नव्हताच. संख्याशास्त्राला काय हरकत असणार कुणाची? आकडे येतात तिला. गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, डोकं आहे. आणि संख्याशास्त्रात तुझ्या शब्दावर कुणी कुणाचं छप्पर उघडत नाही.

झालं, आलंच ते. चौकातही पोचली नव्हती ती.

तीन आठवड्यांपूर्वी हवामानशास्त्राच्या विभागात ती जाऊन आली होती. नवीन मुलांना विभाग दाखवायचा दिवस होता. बाकीची मुलं गच्चीवरच्या उपकरणांभोवती गोळा झाली होती, वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या आणि फटींच्या झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीतले तापमापक बघत — आणि ती एका कपाटापुढे उभी राहिली होती. आत जाडजूड वह्या. कण्यावर फक्त सालं. तिथल्या प्राध्यापिका, केस आखूड कापलेल्या, खांद्यावर खडूची पांढरी पुसट रेघ, तिच्याशेजारी येऊन म्हणाल्या, "हे आमचे अंदाज. मुलं रोज सकाळी लिहितात, दुसऱ्या दिवशी शेजारच्या रकान्यात काय झालं ते लिहितात."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर चुकला असं लिहितात. खोडायचं नाही, एवढाच नियम आहे आमचा. चुकलेल्यांचाच तर अभ्यास करता येतो."

खोडायचं नाही… पोटात काहीतरी हललं होतं तेव्हा, भूक लागल्यासारखं. म्हणजे अशी एक जागा असते. चूक लिहून ठेवायची, तारीख घालून, बंद कपाटात, आणि ती लिहिणारा माणूस संध्याकाळी घरी जातो, जेवतो, झोपतो. ती घरी येऊन पहिल्या चौकोनात ते लांब नाव लिहून मोकळी झाली होती. आणि तासाभराने खोडरबर शोधायला लागली होती, कारण चूक करणं वेगळं आणि चूक करूनही पुन्हा तेच काम मागायला जाणं वेगळं. कुठल्या तोंडाने?

मी तेरा वर्षांची होते. मी म्हणाले होते, पाऊस नाही येणार.

कुणी विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं तिने. पण कुणी विचारलंच नव्हतं सहा वर्षांत, आणि न विचारल्यामुळे ते वाक्य आतल्या आत तसंच राहिलं होतं, त्याच आवाजात, तेरा वर्षांच्या मुलीच्या चिरक्या, खात्रीच्या आवाजात. बाबांचं काम छपरांचं. कौलं बदलायची, वासे-रिपा बघायच्या, पन्हळी लावायच्या. आणि ती त्यांची वेधशाळा! हे नाव लंबूकाकांनी ठेवलेलं — लंबूकाका म्हणजे बाबांचे वीस वर्षांपासूनचे जोडीदार, शिडी लागत नाही इतके उंच. ती रोज सकाळी सातला गॅलरीत उभी राहून वहीत लिहायची : वारा कुठून, ढग कुठल्या जातीचे, स्वयंपाकघराचं दार फुगलंय का. मग थर्मासमध्ये चहा घेऊन कामावर जायची, आणि लंबूकाका वरून ओरडायचे, "काय म्हणते वेधशाळा?"

त्या दिवशी काम पुस्तकबांधणीवाल्या काकांकडे होतं. खाली त्यांचं दुकान, वर माळ्यावर कागद, पुठ्ठे, आणि कुठल्याशा वाचनालयाची जुनी पुस्तकं, शिवण उसवून पानं सुटी केलेली, नव्याने बांधण्यासाठी ओळीने मांडून ठेवलेली. ती साडेसातला पोचली. थर्मास कलंडू नये म्हणून भिंतीलगतच्या कौलांच्या चळतीवर ठेवला. वरून आवाज आला, आणि ती आभाळाकडे बघून म्हणाली, "नाही येणार! वारा फिरलाय!" अकराला, भूगोलाच्या तासाला, वर्गात दिवे लावावे लागले इतकं भरून आलं. मग जे कोसळलं…

पुढे आठवडाभर बांधणीवाल्या काकांच्या दुकानात दोऱ्यांवर पानं टांगलेली होती. शाई उतरून निळी-तांबडी झालेली. ती शाळेतून येऊन पानांमध्ये टिपकागद घालायची. काका तिला काही बोलले नाहीत, नुसतं 'हे धर', 'ते दे'. बोलले असते तर बरं झालं असतं. वर्षभराने ते दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेले. आणि पानं वाळत होती त्याच आठवड्यात केव्हातरी, शेजारच्या खोलीतून, लंबूकाकांशी बोलताना बाबांचा आवाज — "ऐकायलाच नको होतं मी. डोळे मिटून विश्वास ठेवला." तेवढंच ऐकू आलं. तेवढं पुरेसं होतं. तिने वही घरच्या माळ्यावर टाकून दिली, आणि त्यानंतर कुणी तिला वेधशाळा म्हटलं नाही. एकदाही नाही.

शाळेला सुट्टी होती. मैदानात नवीन कौलांचा ढीग, भिंतीला परांची बांधलेली, आणि वर आढ्यावर पाय फाकवून बसलेले लंबूकाका, घोड्यावर बसल्यासारखे. बाबा छपराच्या उतरत्या पाख्याच्या मध्यावर ओणवे होऊन रीप ठोकत होते. त्यांनी तिला पाहिलं, तोंडातले दोन खिळे काढून खिशात टाकले.

"वर ये. खाली यायला गुडघे नाही म्हणतात."

शिडी तिला नवीन नव्हती, पण सहा वर्षांत ती चढली नव्हती. वरच्या फळीवर ती टेकली. फाइल उघडली, अर्ज काढला, बोट ठेवलं. "इथे सही करा."

बाबांनी पँटला हात पुसले. पेन घेतलं. आणि सही करायच्या जागेवरून नेमके आजच त्यांचे डोळे वर गेले; त्या झिजलेल्या, लव फुटलेल्या चौकोनावर थांबले.

"उंदीर लागला का याला?"

"खोडलंय."

"किती वेळा?" त्यांनी पान उचलून आभाळापुढे धरलं. "अरे, आरपार दिसतंय की! लंबू, हे बघ." मग डोळे बारीक करून, "संख्या… शास्त्र. आणि खाली काय ढगांचं? मला वाटलं ढगांचं वर असेल."

"का वाटलं?"

"का म्हणजे? लहानपणापासून दुसरं काय बघितलंयस तू."

वरून लंबूकाका म्हणाले, "घाबरली असेल. गणित फार असतं म्हणतात त्यात."

"गणिताला नाही घाबरत मी!" आवाज अनपेक्षित मोठा निघाला, आणि तो निघाल्यावर मागचंही थांबवता येईना — इतकी वर्षं जपून, घडी घालून ठेवलेलं वाक्य कसंबसं, वाकडंतिकडं बाहेर पडलं. "माझ्यामुळे भिजलं ना ते सगळं. बांधणीवाल्या काकांचं. मी म्हणाले नाही येणार आणि तुम्ही छप्पर उघडलंत. मग परत मी तेच कसं… तेच शिकायला कशी जाऊ?"

हातोडीचा आवाज आधीच थांबलेला होता. आता खाली मैदानात कुठेतरी नळ टपकत होता तो ऐकू यायला लागला.

बाबांनी लंबूकाकांकडे पाहिलं. लंबूकाकांनी बाबांकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. वेगळ्याच पत्त्यावर आणून सोडलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"तुझ्यामुळे?" बाबा म्हणाले. "काहीतरीच काय. तू किती वाजता आलीस त्या दिवशी?"

"साडेसात."

"आणि आम्ही वर किती वाजता चढलो?"

"मी आल्यावर."

"सहाला. उजाडायच्या आत. तू आलीस तेव्हा निम्मं पाखं उतरवून झालं होतं, बये. अर्धं छप्पर खाली होतं."

ती नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. आणि तेव्हा डोळ्यांपुढे तिला त्या दिवशीचा तो थर्मास दिसला — निळा, झाकणाला पोचा पडलेला — भिंतीलगतच्या कौलांच्या चळतीवर ठेवलेला. ती चळत. शेवाळ धरलेल्या, काळ्या पडलेल्या, जुन्या कौलांची चळत, कमरेइतकी उंच… जुन्या. म्हणजे वरून उतरवलेल्या. सहा वर्षं ती आठवणीत तो थर्मास त्याच कौलांवर ठेवत आली होती, दर खेपेला, आणि दर खेपेला नजर थर्मासवरून थेट आभाळाकडे. खाली कधी बघितलंच नव्हतं.

"पण तुम्ही म्हणालात," ती म्हणाली, "मी ऐकलंय. ऐकायलाच नको होतं म्हणालात. विश्वास ठेवला म्हणालात."

"कुणावर?"

"त्या ताडपत्रीवाल्यावर!" लंबूकाका वरूनच ओरडले. "दहाच्या आत ताडपत्र्या आणून टाकतो म्हणाला आणि आला दुपारी दोनला. मी सांगत होतो तुझ्या बापाला, ताडपत्री हातात पडल्याशिवाय कौल हलवू नकोस. पंधरा दिवस भांडलो आम्ही त्यावरून."

"भांडलो," बाबांनी कबूल केलं. "त्याचं बरोबर होतं."

मग ते अर्ज मांडीवर ठेवून त्याचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिले. बोटं जाड, नखांत डांबर. पण कोपरा अगदी हलक्या हाताने.

"हे बघ. ती चूक माझी आहे," ते शेवटी म्हणाले. "मी त्यांच्याकडे जाऊन पानं वाळवलीत, माफी मागितलीय, त्यांनी मला चार शब्द सुनावलेत, ते मी ऐकून घेतलेत. ती माझी आहे. तू मध्येच कुठून तिच्यावर हक्क सांगायला आलीस?"

तिला हसू आलं. हसू म्हणजे, नाकातून काहीतरी आवाज आला आणि डोळ्यांतून पाणी.

"मग मला वेधशाळा म्हणायचं का बंद केलंत?"

"तूच बोलायची बंद झालीस," लंबूकाका म्हणाले. "आम्ही म्हटलं, पोरगी मोठी झाली. आता चिडवलेलं आवडत नसेल."

एवढंच? एवढंच होतं ते? सहा वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना सगळे शहाणे, समंजस, एकमेकांना जपत बसलेले… आणि तेवढ्यात, हलकं हलकं वाटायला लागलेलं असतानाच, आत कुठेतरी बारीकसं काहीतरी टोचलं.

"म्हणजे माझं तुम्ही कधी ऐकतच नव्हता."

बाबांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना आधीच्यापेक्षा अवघड गेला असावा. "ऐकायचो की. आवडायचं ऐकायला. बरोबरही असायचीस पुष्कळदा. पण छप्पर उघडायचं की नाही ते माझं मी ठरवायचो. तेरा वर्षांच्या मुलीवर टाकेन होय मी ते?"

तिने बोट ठेवलेल्या जागेवर त्यांनी सही केली, शेवटच्या अक्षराला नेहमीसारखी लांब शेपूट. "वरती काय लिहायचं ते तू बघ. मला विचारू नकोस. मला त्यातलं कळत नाही." आणि खिशातून खिळे काढून पुन्हा तोंडात धरले, म्हणजे बोलणं संपलं.

कॉलेजच्या कार्यालयात रांगेत पुढे पाच जण होते. तिने खोडरबर काढलं आणि भिंतीवर अर्ज टेकवून, उभ्या उभ्याच, दोन्ही चौकोन पुसले. पेन्सिल हातात घेऊन खिडकीशी पोचली तेव्हा आतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला.

"पेन्सिल चालत नाही. पसंतीक्रम शाईने भरायचा. वर लिहिलंय बघा."

लिहिलेलं होतं. तीन आठवडे लिहिलेलं होतं, ठळक अक्षरात. आजवर त्या चौकोनांत तिने जे जे लिहिलं त्यातलं काहीच धरलं गेलं नसतं.

"पेन देता का?"

ती लिहायला लागली. लव फुटलेल्या कागदात शाई पसरली. 'ह'चं पोट फुगलं, 'शास्त्र'मधली जोडणी एकमेकांत गेली. दोन ओळींत, बारीक अक्षरात, चौकोनाच्या बाहेर जराशी गळती. खाली 'संख्याशास्त्र' मात्र ऐसपैस बसलं.

"नवीन अर्ज देऊ?" कारकून म्हणाला. "फाटायला आलाय हा."

"वाचता येतंय ना?"

त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला. "हवा… हवामान… येतंय." आणि शिक्का मारला. इतका साधा आवाज होता त्याचा. दप्तर मिटल्यासारखा.

बाहेर पायऱ्यांवर ती बसली आणि तिला जांभया यायला लागल्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. भूक लागली होती, झोप येत होती, पाय जड आणि बाकी सगळं अंग बिनवजनाचं. सुटले, सुटले मी, असं मनात वाजत होतं आणि त्याच्या मागोमाग, उशिरा निघालेल्या पाहुण्यासारखा, रागही आला — सहा वर्षं! एकाला तरी विचारायचं होतंस! — पण रागाला बसायला जागाच मिळेना, तो उभ्या उभ्या निघून गेला.

मग उरलं ते जरा चमत्कारिक होतं. त्या कपाटापुढे पोटात हललं होतं ते काय होतं? आपली चूक नेऊन ठेवायला जागा मिळाली, म्हणून हललं होतं ना? आणि आता तर ठेवायला चूकच नाही. हात रिकामे. मग अजून जायचंय का तिथे? तिने स्वतःला चाचपून पाहिलं, घाईने नाही. प्रायश्चित्त वजा केलं. बाबांचा शब्द, लंबूकाकांचं कौतुक, तेही वजा केलं. आणि तळाशी काहीतरी होतं. बारीक, ओळख नसलेलं. वारा असा अचानक का फिरतो, तो फिरायच्या आधी वर कुठे काय होतं, हे जाणून घ्यायची नुसती इच्छा. कुणाच्या उपयोगाची नाही, कुणाला भरपाई म्हणून द्यायची नाही. ती एवढीशी इच्छा तीन वर्षं पुरेल का? गणितं मानगुटीवर बसतील तेव्हा टिकेल? आणि मला खरोखर आभाळातलं काही कळतं, की 'पुष्कळदा बरोबर' हे बाबा नुसते बाबा म्हणून म्हणाले?

फोन वाजला. आई. मागे दुकानातला गलबला.

"दिलास?"

"दिला."

"काय लिहिलंस वर?"

तिने सांगितलं. आई तिकडे नजरेने विचारत असणार. फोनवर ते चालत नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं असावं.

"बरं वाटतंय का पण?"

"हो. खूप. म्हणजे…" ती थांबली. शब्द शोधत होती आणि घाबरायची वाट बघत होती, पण घाबरायला होत नव्हतं. "जमेल की नाही, माहीत नाही गं."

"माहीत नाही, तर नाही," आई म्हणाली, आणि तिला कुणीतरी हाक मारली, आणि फोन बंद झाला.

माहीत नाही. तिने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, ओठांतल्या ओठांत, अनोळखी गावाचं नाव म्हणून पाहावं तसं. मला माहीत नाही — आणि आजपर्यंत ज्या शब्दांनी छातीत घट्ट गाठ बसायची त्याच शब्दांनी श्वास खोल, अगदी खोल, पार खालपर्यंत गेला, तिथे थोडा वेळ थांबला, आणि ती तशीच बसून राहिली, पायऱ्या उतरणाऱ्या मुलामुलींना वाट देत, कुठेही जायची घाई नसल्यासारखी.